उजवा खांदा विरुद्ध तीन-अडतीस

३ एप्रिल

स्वस्ति। अखंडित-प्रौढप्रतापी, वेगमर्यादाभंग-दंडनायक, विवाहसंपादक (दक्षिणा आगाऊ), श्वानपरवाना-प्रदाता, चर्चच्या गळक्या छपराच्या समितीचे तहहयात उपाध्यक्ष, फिडलर परगण्याचे न्यायाधीश (पुढील निवडणुकीपर्यंत), एल्क-हरिण-अस्वल-भयंकर, दक्षिणस्कंध-शल्यक्रिया-विभूषित श्रीमान लेलंड ऑस्टरगार्ड हे आज, मोंटानातील बर्फ वितळून कुत्र्याने हिवाळाभर पुरलेली सर्व हाडे अंगणात उघडी पडली असता, ही दैनंदिनी आरंभीत आहेत. परवानगीविना ती वाचणाऱ्यास कठोर शासन होईल. सहधर्मचारिणी मार्गिट, हे कलम तुझ्यासाठीच आहे.

आज खांद्याची झोळी सुटली. शल्यविशारदांनी माझा हात पंपाच्या दांड्यासारखा वर-खाली करून पाहिला आणि म्हणाले, "मासे धरा, गवत कापा. फक्त तोफा उडवू नका."

मी त्यांचे आभार मानले आणि घरी येता येता निश्चय केला की या वर्षी स्वतःच्या मापाची, खास घडवून घेतलेली रायफल करवून घ्यायची. एकच, परंतु सर्वकार्यक्षम. माळावरच्या शेळीएवढ्या प्रॉन्गहॉर्नपासून डोंगरातल्या घोड्याएवढ्या एल्क हरणापर्यंत कोणीही समोर आले तरी तिने लाजता कामा नये. प्रश्न एवढाच उरतो की तिचे काडतूस कोणते.

या निश्चयास तात्कालिक कारण घडले ते रविवारच्या जेवणात. माझा मेहुणा व्हर्लिन, जो वडिलांच्या पश्चात आमच्या शिकारी तळाचा प्रमुख झाला आहे, बटाट्यांचे भांडे माझ्याकडे सरकवीत म्हणाला, "जजसाहेब, यंदा नोव्हेंबरात तुम्ही तळावर यायचं. पण रायफल आणायची नाही. स्वयंपाकाला या."

"स्वयंपाकाला?"

"पॅनकेक छान करतोस तू."

मी त्यास सुनावले की या परगण्यात मला शिक्षा ठोठावण्याचा अधिकार केवळ मलाच आहे. तो हसला नाही. हे मला खटकले. व्हर्लिन एरवी माझ्या विनोदांना हसत नाही ते मुद्दाम. आजचे न हसणे मुद्दाम वाटले नाही.

७ एप्रिल

डॉक्टर टिंडल यांच्याकडे गेलो. हे गृहस्थ तीस वर्षे दंतवैद्य होते. आता रायफली घडवतात, आणि दोन्ही व्यवसायांत भोक पाडण्याची आपली हातोटी एकसारखीच थोर आहे असे स्वतःच सांगत फिरतात. पूर्वीची सवय अशी की तुम्हांला उत्तर देता येणार नाही अशाच क्षणी ते प्रश्न विचारतात. मी रायफलीच्या लाकडी दस्त्यावर गाल टेकवून, मान वाकडी करून बसलो असता विचारले, "मारायचं काय काय आहे?"

मान सोडवून घेऊन मी यादी निवेदन केली: प्रॉन्गहॉर्न, हरिण, एल्क, काळे अस्वल, मूस नावाचे महाहरिण आणि ग्रिझली अस्वल.

"मूसचा परवाना निघालाय तुझ्या नावानं?"

"सोडतीत नाव घालतो आहे. वीस वर्षे."

"आणि ग्रिझलीची शिकार बंद आहे, न्यायाधीश महाराज."

"कायदा बदलू शकतो."

"आधी तुझा खांदा बदललाय," ते म्हणाले आणि तिथे अंगठा दाबला. मी 'आई गं' म्हणालो नाही. जे म्हणालो ते न्यायासनास शोभणारे नव्हते.

तरीही मी मागणी नोंदवली: तीन-अडतीस मॅग्नम. ज्यांना ही विद्या अवगत नाही त्यांच्यासाठी सांगतो: हे काडतूस म्हणजे बोटाएवढा पितळी गडवा. त्याच्या एका टोकाने एल्क कोसळते आणि दुसऱ्या टोकाने, लोक म्हणतात, उडवणारा. लोक काहीही म्हणतात.

१९ एप्रिल

आज स्वयंपाकघरातील मेजावर रीतसर सुनावणी घेतली. तीन पक्षकार उभे केले, अक्षरशः उभे, मिठाच्या बाटलीशेजारी. पहिला तीस-सहा: आमच्या तळाचे कुलकाडतूस. माझ्या सासऱ्यांनी तळ उभारला तेव्हाच नियम केला की सर्वांनी हेच वापरायचे. तळावर पोहोचताच प्रत्येकाने आपली काडतुसे कॉफीच्या एका मोठ्या डब्यात ओतायची आणि ज्याला लागतील त्याने त्यातून घ्यायची. कुणाचे संपले, कुणाचे ओले झाले, कुणी घरी विसरले, तरी तळ अडत नाही. माझ्याही हातून वर्षानुवर्षे हेच उडत आले. दुसरा तीन-अडतीस. आणि तिसरा सात-शून्य-आठ, ठेंगणा, सुबक, मवाळ धक्क्याचा. ते मार्गिटचे काडतूस. मी त्यास चिमणीचा दाणा म्हणतो. आमच्या शीतपेटीत हिवाळाभर जे एल्कचे मांस असते ते याच दाण्याने आणलेले असते, हे वास्तव मी अमान्य करीत नाही. नशीब हाही एक घटक असतो.

तीस-सहावर माझा आरोप स्पष्ट आहे. गेल्या नोव्हेंबरात त्याने मला दगा दिला. गोळी लागली, आणि सदर एल्क न्यायालयाच्या अधिकारक्षेत्राबाहेर निघून गेले. काडतुसात दम असता तर असे घडले नसते. म्हणून मोठे काडतूस. युक्तिवाद निर्दोष आहे.

मार्गिट भांडी विसळता विसळता साक्षीस उभी राहिली, न बोलावता.

"काडतुसाचा काय दोष? तू डोळे मिटतोस."

"कोण मिटतो?"

"चाप ओढताना. दोन्ही. आणि खांदा आक्रसतोस, लस टोचून घेणाऱ्या पोरासारखा. बार व्हायच्या आधीच."

"साक्षीदार माझ्या मागे उभी होती. तिला माझे डोळे दिसणे अशक्य."

"लग्नाला इतकी वर्षं झाली, लेलंड. तुझे डोळे मला तुझ्या मानेवरून कळतात."

साक्ष नामंजूर. निकाल तीन-अडतीसच्या बाजूने. साक्षीदाराने तिन्ही पक्षकार उचलून खणात टाकले, कारण जेवणाची वेळ झाली होती.

१० मे

नेमबाजीच्या मैदानावर टिंडल यांनी त्यांची स्वतःची तीन-अडतीस आजमावायला दिली. मार्गिट "सहज" सोबत आली. पहिल्या बाराला आकाश दोनदा दिसले. रायफलीवरच्या दुर्बिणीची कड भुवईवर आदळून तेथे अर्धचंद्राकृती खूण उमटली. टोपी पाठीमागच्या गवतात सापडली. लक्ष्याच्या कागदावर गोळी कुठेही नव्हती. कागद अतिशय लहान होता.

"आणखी एक?" टिंडल.

"अवश्य," मी म्हणालो, कारण मार्गिट पाहत होती.

पुढची काडतुसे टिंडल स्वतः, माझ्याकडे पाठ करून, एकेक भरू लागले. ही त्यांची लहर असावी. दुसरी गोळीही कागदाच्या बाहेर गेली. तिसऱ्या वेळी मी श्वास रोखला, चाप ओढला आणि रायफल 'टक' एवढेच म्हणाली. बार नाही, धक्का नाही. मात्र नळीचे टोक काही अगम्य यांत्रिक कारणाने एकदम खाली गेले, दरबारी माणूस मुजरा करतो तसे, आणि माझा खांदा पुढे गेला.

टिंडल यांनी रायफल उघडून आतले काडतूस काढले. ते रिकामे होते. त्यांनीच रिकामे भरले असणार. चेष्टेसाठी म्हणावे तर त्यांनी चेष्टाही केली नाही. दातात काही सापडले की दंतवैद्य जसे गप्प होतात तसे गप्प झाले.

परतीच्या वाटेवर मार्गिट गाडी चालवत होती. भुवईवर तिने स्वतःचा रुमाल दाबून धरायला दिला आणि चारा भरलेल्या एका ट्रकला विनाकारण भोंगा वाजवला.

११ मे

नळी का झुकली असावी याचा विचार करतो आहे. वारा नव्हता.

गेल्या नोव्हेंबरातले बर्फ डोळ्यांपुढे येते. तांबड्या ठिपक्यांमागून मी आणि व्हर्लिन दिवसभर चाललो. आधी मोठे ठिपके, मग लहान, मग दोन ठिपक्यांमधले अंतर इतके वाढले की मी प्रत्येक वाळल्या पानाला तांबडे समजू लागलो. अंधार पडताना बर्फ सुरू झाले आणि सगळे झाकले गेले. व्हर्लिन काही बोलला नव्हता. तो काही बोलला असता तर मी त्याला उत्तर देऊ शकलो असतो.

हे काडतुसाचे काम नव्हे तर कोणाचे?

१६ मे

मार्गिटने नवा खेळ काढला आहे. रिकाम्या रायफलीच्या नळीवर, टोकापाशी, तिच्या वडिलांचे अर्ध्या डॉलरचे चांदीचे नाणे आडवे ठेवायचे. भिंतीवरच्या दिनदर्शिकेतील बदकावर नेम धरून चाप ओढायचा. नाणे पडले नाही तर हात स्थिर आणि भांडी मार्गिटची. पडले तर त्या दिवशीची भांडी तुमची.

मी सांगितले की न्यायाधीशास असले पोरखेळ शोभत नाहीत.

"भितोस का?"

भांडी मी घासली. उद्याही मीच घासणार अशी चिन्हे आहेत, कारण तिच्या नळीवरचे नाणे टेबलाला खिळे मारून बसवल्यासारखे असते.

२ जून

भांडी.

२१ जून

भांडी. तळण्याच्या कढईला आता माझी सवय झाली आहे. आज नाणे क्षणभर डुगडुगले आणि मग पडले. हा 'क्षणभर' नवा आहे.

९ जुलै

आज नाणे पडले नाही. मी दुसऱ्यांदा चाप ओढला, तेव्हाही नाही. मार्गिटने काही न म्हणता एप्रन बांधला आणि नळ सोडला. मी मदतीस गेलो तर म्हणाली, "चल हो बाजूला. हरले तर हरले."

१४ जुलै

काडतूस कोणते ते टिंडल यांना पक्के कळवण्याची मुदत आज होती. नळीला भोक पाडल्यावर मग माघार नाही. मी तीन-अडतीस असे सांगण्यासाठी टोपी घातली असता मार्गिट मटार सोलता सोलता म्हणाली, "व्हर्लिन भेटला होता काल दुकानात."

"मग?"

"हसत होता. म्हणाला, लेलंड मोठीच तोफ घेणार, मला माहीत आहे. तळावर सात-शून्य-आठ घेऊन यायची त्याची छाती नाही, सगळे हसतील ना. बायकापोरांचं काडतूस म्हणतात त्याला."

"असे म्हणाला?"

"तसंच म्हणाला. मी म्हटलं, जाऊ दे, माझ्या नवऱ्याला डिवचू नकोस."

मी टोपी पुन्हा नीट घातली. माझी छाती मापण्याचा ठेका व्हर्लिनला कुणी दिला? या परगण्यात सर्वजण जे म्हणतात त्याच्या विरुद्ध निकाल देण्यासाठीच तर मला निवडून दिले आहे. (दोन वेळा. दुसऱ्या वेळी विरोधी उमेदवार मासेमारीला गेला होता.) टिंडल यांच्या दारात उभा राहून मी मोठ्याने, रस्त्यावरच्या तिघांना ऐकू जाईल असे जाहीर केले, "सात-शून्य-आठ!"

टिंडल म्हणाले, "नळी त्याचीच मागवून ठेवली होती."

"कधी?"

"मे महिन्यात. आ कर... म्हणजे, मान वाकडी कर. दस्ता मोजू."

विलक्षण द्रष्टा माणूस.

२७ सप्टेंबर

रायफल आली. अक्रोडाच्या लाकडात मधाच्या रंगाचे पाणी आहे. पेलताना ती माझ्या हाडांच्या ओळखीची असल्यासारखी वाटते. मैदानावर टिंडल यांनी पुन्हा माझ्याकडे पाठ करून काडतुसे भरली. कोणते रिकामे, कोणते भरलेले, मला ठाऊक नव्हते. 'टक' झाले तेव्हा नळी हलली नाही. बार झाला तेव्हाही कागदावर भोके हवी तिथे पडली. मार्गिटने माझ्या रायफलीने एक गोळी उडवून पाहिली आणि परत देताना जरा जास्तच वेळ हातात ठेवली.

"चिमणीचा दाणा," ती म्हणाली.

"गरुडाचा," मी दुरुस्ती केली.

६ नोव्हेंबर

तळ. तंबूत चूल पेटली, ओल्या लोकरीचा आणि डुकराच्या चरबीचा तोच जुना वास. मेजावर कॉफीचा डबा. एकेकाने तीस-सहाची काडतुसे खळखळ ओतली. माझी पाळी आली. मी माझा खोका उघडून चुलीजवळच्या फळीवर वेगळा ठेवला.

व्हर्लिनने एक काडतूस उचलून चुलीच्या उजेडात धरले. "हे मार्गिटचं चोरलंस का?"

"माझे आहे. डब्यात जाणार नाही. मान्य नसेल तर डबा बदला."

"माझ्या म्हाताऱ्यानं नियम केला होता."

"तुझ्या म्हाताऱ्याने मला मुलगीही दिली होती. माझ्यावर त्याचा विश्वास होता."

बाकीचे हसले. व्हर्लिनने माझ्यासमोर एप्रन धरला, पॅनकेकच्या पिठाने आधीच पांढरा झालेला. मी तो घेतला नाही. हात पाठीमागे बांधून उभा राहिलो. मग त्याने एप्रन खाली ठेवला आणि हळू आवाजात, फक्त मला ऐकू येईल असे म्हणाला, "मागच्या वर्षी दिवसभर त्या रक्तामागे फिरलो तुझ्याबरोबर. परत नाही फिरायचं मला, लेलंड. तू हसतोस, मला झोप लागत नव्हती."

मी म्हणालो, "मलाही."

हे मी का म्हणालो कळत नाही. मुद्दा काडतुसाचा होता.

"मग ये उद्या माझ्याबरोबर," तो म्हणाला. "पण तुझी गोळी नीट बसली नाही तर लगेच मी मारणार. आणि मग हा एप्रन."

"मान्य. आणि दुकानात माझ्या बायकोसमोर माझ्या छातीचा विषय काढण्याचे काही कारण नव्हते."

"कुठल्या दुकानात?"

"जुलैत. सात-शून्य-आठ आणायची माझी छाती नाही म्हणालास ते."

"जुलैत मी अलास्कात होतो ना! बोटीवर."

माणसाची स्मृती पन्नाशीनंतर अशी होते. मी वाद वाढवला नाही.

७ नोव्हेंबर

उजाडता उजाडता उंचावरच्या कुरणाच्या कडेला पोहोचलो. आम्ही पडलेल्या झाडामागे पोटावर. बर्फ कोरडे, श्वासाची वाफ दुर्बिणीच्या काचेवर येऊ नये म्हणून मी तोंड बाजूला वळवून श्वास सोडत होतो. पाइनच्या रांगेतून एल्कच्या माद्या एकेक करून बाहेर आल्या आणि गवत उकरू लागल्या. यंदाच्या परवान्यात मादी चालते.

"डावीकडून दुसरी," व्हर्लिन कुजबुजला. त्याची तीस-सहा माझ्या खांद्याशेजारी तयार होती. "तुझी. चुकलास तर माझी."

मी नेम धरला. आणि येथे प्रामाणिकपणे नोंदवतो की जुनी गोष्ट आली: पोटातून वर, मानेतून खांद्यात, आता होणार, आता होणार असे काहीतरी. मी मनात एक नाणे नळीवर ठेवले. ते थरथरले. मी थांबलो. व्हर्लिनने श्वास रोखलेला मला ऐकू आला. तो मारील, असे वाटले, आणि त्याला मारू देणे मला शक्य नव्हते. नाणे शांत झाले. मी चाप ओढला.

आणि मला दिसले.

एवढ्या वर्षांत एवढ्या बारांनंतर मला बाराच्या क्षणीचे एल्क कधी दिसलेच नव्हते, हे मला त्या क्षणी कळले. दर वेळी आधी एल्क असे, मग धूर-धक्का-आकाश, मग नंतरचे काहीतरी. आज मधलेच दिसले: खांद्यामागे केस उडाले, पुढचे पाय दुमडले, आणि ती बसावी तशी खाली बसली, मग आडवी झाली. बाकीच्या माद्यांनी मान वर केली. मी सगळे पाहत होतो. पापणी हललीसुद्धा नाही.

नव्या दुर्बिणीच्या काचा अत्युत्कृष्ट असाव्यात.

व्हर्लिनने बोट चापावरून काढले. मग म्हणाला, "ठिपके नाहीत."

"कुठले?"

"रक्ताचे. शोधायला." आणि त्याने माझ्या पाठीवर, नेमक्या दुखऱ्या खांद्यावर, असा तडाखा दिला की तीन-अडतीसही लाजली असती.

संध्याकाळी पॅनकेक त्याने केले. करपले होते. मी दोन खाल्ले आणि तोंड बंद ठेवले.

१५ नोव्हेंबर

घरी. मांस शीतपेटीत, अर्धे व्हर्लिनकडे. निकाल असा नोंदवावा की सर्वकार्यक्षम रायफलीसाठी सात-शून्य-आठ हे काडतूस मी स्वतंत्र प्रज्ञेने, कोणाचेही न ऐकता, सर्व परगण्याच्या मताविरुद्ध निवडले, आणि ते योग्य ठरले. मार्गिटला हे वाचून दाखवले. ती खोकली.

तथापि एक तक्रार. आपल्या घरातही आता एकच काडतूस झाले म्हणून तिने स्वयंपाकघरातल्या फळीवर कॉफीचा रिकामा डबा ठेवला आहे आणि माझी सर्व काडतुसे मला न विचारता त्यात ओतली आहेत. आज सकाळी ती त्यातली काडतुसे घेऊन हरणाच्या मागे गेली. डबा उघडून पाहतो तो तळाशी एक काडतूस, दोन बटणे आणि कॉफीची भुकटी. दुकानदार म्हणतो सात-शून्य-आठ नाताळनंतर येईल. तीस-सहा हवे तितके आहे. शिवाय डब्याचे झाकण नीट बसत नाही, वाकडे झाले आहे, आणि ते कुणी वाकडे केले हे मी विचारले असता आमच्या घरात सगळे कुत्र्याकडे बोट दाखवतात.